मागच्या बंपरला लिंबू-मिरची

माणूस खोटं बोलेल, काच बोलणार नाही. हे वाक्य राज्यातल्या प्रत्येक वाहनसाक्ष केंद्राच्या दर्शनी भिंतीवर पितळी अक्षरांत बसवलेलं आहे, आणि त्यामागे एका निवृत्त न्यायमूर्तींच्या समितीचं दीर्घ चिंतन आहे. नागपूरच्या केंद्रात या वाक्याच्या बरोबर खाली चौकशीची खिडकी होती. तिची काच फुटलेली होती. ती कोणी फोडली याचं चित्रीकरण उपलब्ध नव्हतं.

गिरीश वैरागडे त्या खिडकीसमोर उभे राहिले ते आयुष्यातल्या पहिल्या अपघातासाठी. अपघात म्हणावा असं त्यात फारसं नव्हतं. गोकुळपेठ बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांची गाडी उभी होती आणि एका ई-रिक्षानं तिला मागून ढुशी दिली. रिक्षावाला उतरला, बंपरवरून हात फिरवला, म्हणाला, “काहीच नाही झालं ना काका,” आणि निघून गेला. पूर्वी प्रकरण इथंच संपलं असतं. पण गाडीला विशिष्ट मर्यादेपलीकडचा हादरा बसला की हल्ली गाडी स्वतःच कळवते. मालकाला वाटो न वाटो, अपघात झालेला असतो.

हे सगळं कसं सुरू झालं ते थोडक्यात सांगायला हवं. फार पूर्वी अपघातात दोन पक्ष असत आणि दोन्हीकडे एकेक मोठा भाऊ असे. तो मोटारसायकलवरून दहा माणसं घेऊन येई, आणि ज्याचा भाऊ मोठा त्याची बाजू खरी. मग गाड्यांत कॅमेरे आले. एक पुढं बघणारा, एक मागं, एक आतला, चालकाच्या तोंडाकडे बघणारा. लोकांना वाटलं, आता सत्य कळेल. पण गाडीचा कॅमेरा मालकाच्या बाजूनंच बघतो. तिथं बसवला तर तोही काय करणार?

तेव्हा शिवणयंत्र निघालं. कल्पना साधी आहे. रस्त्यावरची एखादी जागा एका गाडीला दोन-तीन सेकंदच दिसते. पण तिच्यामागून दुसरी गाडी येत असते, समोरून तिसरी. प्रत्येकीची उंची वेगळी, कोन वेगळा. कुठला कॅमेरा कुठल्या क्षणी नेमका कुठं होता हे उपग्रह सांगतात. हे सगळे तुकडे घेऊन यंत्र ते एकमेकांना जोडतं, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी तसं. तुकडे पुरेसे दाट असले की टाके दिसत नाहीत. मग पडद्यासमोर बसून त्या जागेभोवती हिंडता येतं, जणू तिथं कोणीतरी सदैव डोळे उघडे ठेवून उभा होता.

आणि मग कोर्टानं विचारलं, चूक जागेचीच असली तर? उतार, खड्डा, वाकलेली फांदी? प्रश्न सर्वांनाच आवडला. चूक जागेची निघाली तर दोन्ही भाऊ शांतपणे घरी जाऊ शकतात. त्यामुळे अपघात झाला की त्या जागेचा मागच्या पाच वर्षांचा शिवलेला इतिहास उघडायचा आणि बाधिताला तो अर्धा तास, एकदाच, बघू द्यायचा असा नियम झाला. त्यात चेहरे, नंबरप्लेट आणि तारखा झाकलेल्या असतात. ऋतू आणि वेळ तेवढी निवडता येते. तारखा झाकण्याचं कलम विधानसभेत एकमतानं, चर्चेविना आणि कमालीच्या वेगानं मंजूर झालं. कोण कुठल्या मंगळवारी कुठं होतं हे कुणालाच कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

बहुतेक बाधित हा अर्धा तास बघत नाहीत. वैरागडे बघायला बसले. वीज मंडळाच्या मीटर तपासणी प्रयोगशाळेत त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं होतं, आणि हक्काचं काही न बघता सोडून देणं त्यांना जमत नसे. त्यांनी उन्हाळा निवडला. वेळ सकाळची.

गोकुळपेठचा बाजार पडद्यावर उभा राहिला. भाज्यांचे ढीग, उन्हाचे पट्टे, पुसट केलेल्या चेहऱ्यांची माणसं. आणि एक राखाडी स्कूटर कडेला येऊन थांबली. पांढऱ्यावर निळ्या बुंदक्यांचा स्टोल डोक्यातोंडाभोवती घट्ट गुंडाळलेली एक बाई उतरली. नागपूरच्या उन्हाळ्यात बायकांचे चेहरे झाकायला कायद्याची गरज नव्हती, ते आधीच झाकलेले असत. बाईनं स्कूटर स्टँडला लावली, परत वळून हँडल खरंच लॉक झालंय का ते हलवून पाहिलं, मग भाजीवाल्याशी हुज्जत घातली, आणि जाता जाता त्याच्या ढिगातून कोथिंबिरीच्या चार काड्या न विचारता पिशवीत टाकल्या.

“मंजूषा,” वैरागडे मोठ्यानं म्हणाले.

शेजारच्या खुर्चीतल्या बाधितानं त्यांच्याकडे पाहिलं आणि परत आपल्या खड्ड्याकडे वळला.

मंजूषा वैरागडे जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. घरात तिचे फोटो होते, कपाटात खाली, पालथे. पण फोटोंचा उपयोग नव्हता. फोटोतली मंजूषा फोटो काढणाऱ्याकडे बघत होती, आणि तो बहुतेक वेळा गिरीशच होता. त्या नजरेत ‘काढा लवकर’ असं काहीतरी असे. पडद्यावरची बाई कुणाकडेच बघत नव्हती. तिला एक नवरा आहे, तो पुढं एकटा पडणार आहे, यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. ती कोथिंबीर चोरत होती.

अर्धा तास संपला आणि पडद्यावर ‘सुरक्षित वाहन चालवा’ असं आलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. सानिका शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसा भागात राहायची आणि मिहानमध्ये नोकरी करायची. गाडीनं अपघाताची बातमी तिलाही कळवली होती.

“बाबा, लागलं का तुम्हाला?”

“नाही. उभी होती गाडी.”

“उभ्या गाडीला अपघात कसा होते?”

“दुसऱ्याची चालू असली की होते.”

“विकून टाका ना ती. मी येत जाईन सोडायला, कुठं जायचं असेल तर.”

“तू कुठून येऊन राहिली? तुझं ऑफिस तिकडं.”

तिनं विषय सोडला. मग, “बीपीची गोळी?”

“घेतली.”

“बरं.”

“बरं.”

बापलेकीचं बोलणं हल्ली या दोन ‘बरं’च्या मध्ये मावायचं. मंजूषा गेली त्याच महिन्यात वैरागड्यांनी मुलीला सांगितलं होतं, साड्या, पर्स, स्कूटर, सगळं देऊन टाक, घरात काही दिसता कामा नये. सानिका ‘हो’ म्हणाली होती आणि दोन फेऱ्यांत सगळं घेऊन गेली होती. त्यानंतर तिनं घरी आल्यावर आईचं नाव काढलं की वैरागडे टीव्ही लावत. जो चॅनल लागेल तो. त्या घरात कापसाचे भाव जितक्या मन लावून ऐकले गेले तितके कुठल्या जिनिंगमध्येही ऐकले गेले नसतील. सानिकाचं येणं हळूहळू सणावारावर आलं. मग फोनवर.

पडद्यावरच्या बाईबद्दल त्यांनी मुलीला सांगितलं नाही. काय सांगणार? टीव्ही बंद करून सांगावं लागलं असतं.

पण त्या रात्रीपासून, म्हणजे दिवसासुद्धा, त्यांच्या डोक्यात एकच हिशेब सुरू झाला. मंजूषा कुठं कुठं जायची? आणि तिथं अपघात कसा करायचा?

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. नव्या गाड्या अपघात करू देत नाहीत. समोर किंवा मागे काही आलं की कॅमेरा आणि रडार मिळून अंतर मोजतात आणि चालकाचं मत न विचारता ब्रेक लावतात. वैरागड्यांनी आपल्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, जिथून मंजूषा रोज वळून घरी यायची तिथं, काढून टाकलेल्या टपालपेटीचा सिमेंटचा चौथरा हेरला होता. त्यावर त्यांनी तीनदा गाडी मागे नेली. तिन्ही वेळा गाडी हातभर अंतरावर थांबली आणि बायकी आवाजात म्हणाली, “कृपया मागे पाहा.”

शेवटी त्यांनी गाडीचं माहितीपुस्तक काढलं. निवृत्त माणसांखेरीज ते कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. मागच्या पानांवर, बारीक अक्षरांत, ‘प्रादेशिक अपवाद’ असा परिच्छेद होता.

त्याचा इतिहास असा. आपोआप लागणारे ब्रेक महाराष्ट्रात आले त्या पहिल्याच शनिवारी शहरंच्या शहरं ठप्प झाली. लोकांनी नेहमीप्रमाणे बंपरला लिंबू-मिरची बांधली, ती वाऱ्यानं डोलायला लागली, आणि गाड्यांना समोर सतत काहीतरी आडवं येताना दिसू लागलं. कंपन्यांनी आधी लोकांना विनंती केली. मग कंपन्या सुधारल्या. गाड्यांना शिकवण्यात आलं की एक पिवळा गोळा आणि त्याखाली हिरव्या काड्या दिसल्या तर त्या दिशेनं अगदी जवळ जाणवणारा, हळू सरकणारा अडथळा खोटा समजावा. परदेशातल्या अभियंत्यांनी कारण विचारलं नाही. इकडच्यांनी सांगितलं नाही. हा अपवाद पुढच्या कॅमेऱ्यासाठी होता, पण मागच्यालाही तोच मेंदू होता. मागं लिंबू-मिरची कोणी बांधत नसल्यामुळे ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती.

शनिवारी वैरागड्यांनी सिग्नलवरच्या मावशीकडून एक घेतली.

“पुढं बांधून देऊ का साहेब?”

“मागं.”

“मागं?”

“मागं बांधा.”

“मागून कोणाची नजर लागते बाप्पा?”

“तुम्ही बांधा ना मावशी.”

मावशीनं बांधली, पण गाठ मारताना मान हलवली. नजरेच्या बाबतीत तिचं मत कुणी इतकं डावललं नसावं.

बाकीचं भौतिकशास्त्र वैरागड्यांच्या आवाक्यातलं होतं. टकरीची ताकद वेगाच्या वर्गानं वाढते. म्हणजे वेग निम्मा केला तर ताकद पाव. गाडीला अपघात वाटेल पण बंपरला वाटणार नाही असा एक वेग असणारच, माणूस देवळाभोवती प्रदक्षिणा घालतो साधारण तितका. त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला, गाडी मागे घेतली. धप्प. गाडी म्हणाली, “अपघाताची नोंद झाली आहे. घाबरू नका.”

कोपऱ्याच्या इतिहासात त्यांनी पुन्हा उन्हाळ्याची सकाळ निवडली. त्यांना बघायचं होतं ते एवढंच, की भाजीची पिशवी पायाशी ठेवून मंजूषा कोपऱ्यावरून वळते आहे. घरी येते आहे. आपण गॅलरीत असताना हे दृश्य त्यांनी हजारदा ऐकलं होतं, स्कूटरचा आवाज, फाटकाची कडी. पाहिलं मात्र नव्हतं. पेपर असायचा.

राखाडी स्कूटर आली. स्टोल तोच. पण ती वळली नाही. चौथऱ्याशेजारच्या कडुनिंबाखाली थांबली. तिथल्या रसवंतीवाल्याकडून बाईनं उसाचा रस घेतला, स्टोल न सोडता नळी आतून तोंडाशी नेली, आणि रस पीत पीत गल्लीकडे बघत राहिली. त्यांच्या घराकडे. बराच वेळ. मग पेला परत दिला, स्कूटर फिरवली आणि आली त्या वाटेनं निघून गेली.

वैरागड्यांनी दुसरी सकाळ निवडली. बाई नव्हती. तिसरी. बाई आली, रस घेतला, घराकडे पाहिलं, गेली.

घराकडे यायला निघालेली बाई घराच्या कोपऱ्यावरून परत जात होती. एकदा नाही, दोनदा.

पुढचे काही दिवस त्यांनी या एकाच गोष्टीचा विचार केला. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मंजूषावर हात उचलला नव्हता, आवाज क्वचित. भाजीत मीठ कमी असलं तर ते न बोलता वरून घालून घेत, आणि हा आपला मोठेपणा आहे असं त्यांना वाटत असे. आता त्यांना वाटू लागलं, की न बोलता वरून मीठ घालणाऱ्या माणसाच्या घरी जावंसं न वाटणं शक्य आहे. इतकं, की उन्हात झाडाखाली उभं राहिलेलं बरं.

एका सकाळी ते स्वतः त्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. रस घेतला. तिथून त्यांचं घर अर्धं दिसत होतं. गॅलरी, तिच्यात वाळत घातलेला त्यांचा बनियन, एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीत आपण बसलेलो असताना इथून कसे दिसत असू, ते त्यांनी जमेल तितकं डोळ्यांसमोर आणलं. वर न बघणारा एक माणूस. पेपरच्या मागं.

“काका, बर्फ टाकू का अजून?” रसवंतीवाला म्हणाला.

“नको,” वैरागडे म्हणाले. “इथं एक बाई यायची. निळ्या बुंदक्यांचा स्टोल.”

“काका, उन्हाळ्यात सगळ्या बायका स्टोलच असतात.”

ते खरं होतं. वैरागड्यांनी पुढच्या शनिवारी पुन्हा लिंबू-मिरची घेतली. मावशीनं या वेळी विचारलं नाही, सरळ मागं गेली. त्याच चौथऱ्याला दुसरी धप्प बसली. त्यांनी उन्हाळ्यातली दुपार निवडली, कारण दुपारी माणूस खरा असतो.

बाई आली. रस घेतला नाही. स्कूटरवरच बसून राहिली. तिचा फोन वाजला असावा, तिनं काढून पाहिला, कापला, आणि हँडलवर डोकं टेकवलं. इतका वेळ, की मधून जाणाऱ्या गाड्यांनी टिपलेल्या तुकड्यांतून तिच्या पाठीवरची सावली सरकताना दिसली. मग ती सरळ झाली, घराकडे पाहिलं आणि गेली.

वैरागडे केंद्रातून बाहेर आले आणि गाडीत बराच वेळ बसून राहिले. गाडी म्हणाली, “चालक थकलेला दिसतो. विश्रांती घ्या.”

आठवड्यानं बोलावणं आलं. साक्षनिरीक्षक वृषाली मेश्राम यांच्यासमोर हजर राहावं, सोबत कुटुंबातल्या एका व्यक्तीला आणावं. त्यांनी कुणालाच आणलं नाही. पण बोलावण्याची प्रत सानिकाला गेली होती आणि ती केंद्राच्या पायरीवर त्यांची वाट बघत उभी होती. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच.

“तू काहून आली? रजा गेली ना.”

“तुमच्यावर केस होऊन राहिली बाबा, आणि तुम्ही माझी रजा मोजून राहिले?”

मेश्राम मॅडम चाळिशीच्या, चेहऱ्यानं प्रेमळ आणि त्यामुळे धोकादायक. त्यांनी दोघांना बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला.

“काका, तीन अपघात. त्यातले दोन एकाच चौथऱ्याला. चौथऱ्यानं काही बिघडवलं आहे का तुमचं?”

“मागचं दिसत नाही मला नीट. वय झालं.”

“हो का?” त्यांनी गाडीतल्या आतल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण लावलं. पडद्यावर वैरागडे आपल्या आसनावर बसले होते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, डबीत ठेवला, डबी बंद केली, मग गाडी मागे घेतली. “अपघाताच्या आधी चष्मा पुसून डबीत ठेवणारा माणूस मी नोकरीत पहिल्यांदा पाहिला. लोक देवाचं नाव घेतात, शिव्या देतात. तुम्ही डबी लावून घेतली.”

सानिकानं वडिलांकडे पाहिलं. वैरागड्यांनी पंख्याकडे.

“आणि हे,” मॅडमनी दुसरं चित्र लावलं. मागच्या बंपरवर ताजी लिंबू-मिरची डोलत होती. “लिंबू-मिरची पुढं बांधतात काका. अख्ख्या महाराष्ट्रात मागं बांधणारे तुम्ही एकटे. कंपनीवाल्यांचे फोन येऊन राहिले मला, की हे जमलं कसं.”

“ब्रेक लागू नये म्हणून बांधली,” वैरागडे म्हणाले. मीटर तपासणाऱ्या माणसाला एकदा आकडा समोर आला की वाद घालता येत नाही.

“बाबा!” सानिका ओरडली. “मुद्दाम धडकवली? काहून?”

वैरागड्यांची नजर भिंतींवरून फिरली. खोलीत टीव्ही नव्हता.

“तुझी आई आहे त्याच्यात,” ते शेवटी म्हणाले. “इतिहासात. ती दिसते. अपघात झाल्याशिवाय बघू देत नाहीत.”

मेश्राम मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“आधी बाजारात दिसली,” ते पुढं बोलत राहिले, मुलीकडे न बघता. “मग आपल्या कोपऱ्यावर. सानिका, ती घरी येत नव्हती गं. यायची कोपऱ्यापर्यंत, घराकडे बघायची आणि परत जायची. तुला कधी काही बोलली होती का? माझ्याबद्दल? मला एवढंच पाहिजे. मग लायसन घेऊन टाका माझं.”

“लावा मॅडम,” सानिका म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

मेश्राम मॅडमनी कोपऱ्याची दुपार लावली. राखाडी स्कूटर. स्टोल. कापलेला फोन, हँडलवर टेकलेलं डोकं.

“ही पाहा,” वैरागडे म्हणाले. “ही तुझी आई.”

“बाबा, ती मी आहे.”

पंखा फिरत होता.

“तू कशी? स्कूटर आईची आहे. स्टोल आईचा.”

“तुम्ही म्हणाले देऊन टाक. मी घेतलं. कोणाला देणार होती मी?” ती पडद्याकडेच बघत होती. “आणि तो फोन तुमचा होता. गॅसवाल्याचा नंबर विचारायला केलेला. मी सांगितलं नंतर, की मीटिंगमध्ये होती.”

“तू कोपऱ्यावर होतीस? मी घरात असताना?”

“किती तरी वेळा.”

“मग आत काहून नाही आली?”

“आत आल्यावर तुम्ही टीव्ही लावता बाबा.”

वैरागड्यांनी पडद्यावरच्या बाईकडे पुन्हा पाहिलं. तीच पाठ, तोच स्टोल, पण आता तिचं वय एकदम कमी झालं होतं. मंजूषा त्यांच्यावर रागावून कोपऱ्यावर उभी नव्हती. ती तिथं नव्हतीच. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं, आणि तसं वाटलंही, पण त्याबरोबर ती दुसऱ्यांदा गेली.

“म्हणजे बाजारातली पण तूच,” ते म्हणाले.

“कुठली बाजारातली?”

वैरागड्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “एकदाच दाखवायचा नियम आहे काका. बघून झालेला इतिहास परत उघडत नाही आम्ही.” आणि त्यांनी तो उघडला. मग खुर्ची मागे सारली. “मी चहा घेऊन येते. मशीन बंद करायचं राहून गेलं तर राहून गेलं. सरकारी ऑफिस आहे.”

दार बंद झालं. पडद्यावर गोकुळपेठचा बाजार उजळला. बाई उतरली. स्टँड लावला. मागे वळून हँडल हलवून पाहिलं. हुज्जत. कोथिंबिरीच्या चार काड्या.

सानिकानं तोंडावर हात ठेवला.

“ही तू?” वैरागड्यांनी विचारलं.

“मला मेथी आणि कोथिंबीर वेगळी ओळखू येत नाही बाबा. ती आई आहे.”

“नक्की?”

“चोरली ना आत्ता. आईच.”

“ती चोरी नाही. ती वरची असते.”

“हेच म्हणायची ती.”

वैरागडे हसले. कित्येक दिवसांत न वापरल्यामुळे तो आवाज थोडा गंजला होता. “पुन्हा लाव,” ते म्हणाले.

सानिकानं पुन्हा लावलं. हँडलकडे वळून बघण्याच्या जागी ती थांबवायची, दोघं बघायचे, मग पुढं. तिसऱ्यांदा लावल्यावर ती सांगायला लागली, की हँडल असं हलवून बघायची सवय आईला का लागली. एकदा सीताबर्डीवर स्कूटर लॉक न करता राहिली होती, परत येऊन बघते तर जागेवर दुसरीच स्कूटर, आणि तिलाच चावी लावत बसलेली आई. दुसऱ्या बाईशी भांडलीसुद्धा. वैरागड्यांना ही गोष्ट माहीत नव्हती.

“मला नाही सांगितलं कधी.”

“सांगत होती. तुम्ही पेपर वाचत होते.”

“मग काय झालं?”

“मग काय, ती बाई म्हणाली पोलिसाला बोलवते. आई म्हणाली बोलवा, आणि मग लक्षात आलं की लॉक नसलेली आपली स्कूटर कोणीतरी पलीकडं सरकवून ठेवली आहे. मग दोघींनी मिळून आलूबोंडा खाल्ला.”

“ही माझी बायको,” वैरागडे म्हणाले, खोलीत तिसरं कोणी नसताना.

मेश्राम मॅडमचा चहा फार वेळ चालला. परत आल्या तेव्हा त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही, सरळ कागद पुढं केला. हेतुपुरस्सर अपघात, लायसन रद्द, चौथऱ्याला समज देण्याची आवश्यकता नाही. वैरागड्यांनी चष्मा लावून सही केली. बाहेर सानिकानं त्यांना राखाडी स्कूटरवर मागं बसवलं, त्यांनी दोन्ही हातांनी मागची दांडी धरली. उन्हाचा तडाखा होता म्हणून तिनं डिकीतून स्टोल काढला. तिच्या तोंडाभोवती तो गुंडाळला जाताना ते बघत राहिले. सिग्नलला तिनं मान मागं करून विचारलं, “घरी सोडू का, की आधी रस?”

“घरी चल,” ते म्हणाले. “टीव्हीचा रिमोट कुठं ठेवलाय ते मला आठवत नाही.”

पुढच्याच महिन्यात साठवायला जागा उरली नाही म्हणून राज्यातला सगळा शिवलेला इतिहास पुसून टाकण्यात आला. जागा कशानं भरली होती याचा नंतर अहवाल निघाला. पुसलेल्या चित्रीकरणातला बहुतेक भाग लाल सिग्नलला थांबलेल्या पुढच्या गाडीच्या मागच्या बाजूचा होता.